भंगारातले चुंबक आणि शिवारातला वारा

(असोदा येथील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीत कापसाच्या भावाचा विषय आहे, ज्वारीच्या खरेदीचा विषय आहे. ते विषय होणारच आहेत. त्याआधीचा अर्धा तास आम्ही मागून घेतला तो वाऱ्यासाठी. गेल्या काही बैठकांत तरुण पोरे एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत होती, की भंगारातले चुंबक आणून घरच्या घरी पवनचक्की करता येते असे म्हणतात, ते खरे का? आणि खरे असेल तर तिच्यावर विहिरीची मोटर चालेल का? दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन टाकतो. पवनचक्की करता येते, हे खरे आहे. विहिरीची मोटर तिच्यावर चालणार नाही, हेही तितकेच खरे आहे. ही दोन उत्तरे ज्याला एकत्र समजली त्याला कोणी फसवू शकणार नाही. ती नीट समजावीत म्हणूनच आज बोलायचे आहे.

ही जागाही या विषयाला साजेशी आहे. असोदा हे बहिणाबाई चौधरींचे माहेर. १८८० साली त्या इथे जन्मल्या. अक्षर वाचता येत नव्हते, पण शिवारातली एकही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली नाही. वाऱ्याचे यंत्र करायलाही आधी तीच नजर लागते. पुस्तक नंतर येते.

आपली गरज किती?

कोणतेही यंत्र घेण्याआधी गरजेचा हिशेब मांडावा. बैल घेताना आपण जमीन किती ते पाहतो. इथेही तसेच.

२०२४ साली राज्य सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल माफ करण्याची योजना काढली. ज्याच्याकडे विहीर आहे, मोटर आहे, मीटर आहे त्याला त्याचा उपयोग झाला. पण कोरडवाहू शेतकऱ्याचे काय? त्याच्या वावरात खांबच नाही, तर माफ काय होणार? त्याची गरज मोटरची नाहीच. त्याची गरज वेगळी आहे आणि ती फार लहान आहे. चला, ती मोजू.

कपाशीवर फवारणी करायचा चार्जिंगचा पंप आता घरोघरी आहे. त्यातली बॅटरी बारा व्होल्ट, आठ अँपिअर-तासाची असते. बारा गुणिले आठ म्हणजे ९६ वॅट-तास. भरताना थोडे वाया जाते, म्हणून १२० धरा. वावरातल्या झोपडीत नऊ वॅटचे दोन दिवे पाच तास लावले तर ९०. तीन मोबाइल भरायला ४५. ज्वारीत रानडुकरे आणि रोही येतात, त्यांच्यासाठी झटका मशीन रात्रभर चालवले तर साधारण ५०. सगळे मिळून झाले ३०५ वॅट-तास. वीज कंपनीचे एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याची वावरातली दिवसाची गरज एका युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी आहे!

एवढ्याशा विजेसाठी आपण काय किंमत देतो? पंपाची बॅटरी भरायला रोज गावात चक्कर. ऐन फवारणीच्या दिवशी गावात वीज नाही म्हणून बुडालेला दिवस. अंधारात माळ्यावर बसून केलेली जागल. पायाखाली काय आहे ते दिसत नाही म्हणून होणारे सर्पदंश. हे कोणत्याच खर्चाच्या तक्त्यात येत नाही, पण भरावे लागते ते आपल्यालाच.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. झटका मशीन वेगळे आणि कुंपणाच्या तारेत थेट लाइनची वीज सोडणे वेगळे. मशीन क्षणभराचा धक्का देते, जनावर पळते आणि वाचते. थेट वीज जनावरही मारते आणि शेजारचा माणूसही मारते. तो गुन्हा आहे आणि पापही आहे.

वाऱ्याचा हिशेब

आता वाऱ्याकडे येऊ. वाऱ्याचा हिशेब दोन वाक्यांत पाठ करून ठेवा. चक्कीचा घेर, म्हणजे व्यास, दुप्पट केला तर ताकद चौपट होते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट होते. सगळी गंमत आणि सगळी फसवणूक या दुसऱ्या वाक्यात आहे.

दोन मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट व्यासाची घरगुती चक्की धरा. सगळाच वारा काही पकडता येत नाही. पकडला तर पात्यांमागे वारा थांबून जाईल आणि पुढचा येणारच नाही. आल्बर्ट बेट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने साधारण शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले की शेकडा ५९ पेक्षा जास्त ताकद कोणत्याही पात्याला घेता येत नाही. घरी केलेल्या यंत्राने पाती, चुंबक, तारा यांतली घट जाऊन शेकडा २० ते २५ दिले तर काम उत्तम झाले म्हणायचे. त्या हिशेबाने आकडे असे येतात:

वारा ताशी ११ किलोमीटर असेल तर ८ ते १० वॅट, म्हणजे जवळजवळ काहीच नाही.
ताशी १८ किलोमीटरला सुमारे ५० वॅट.
ताशी २५ किलोमीटरला सुमारे १३५ वॅट.
ताशी ३६ किलोमीटरला सुमारे ४०० वॅट.

आपली गरज ३०० वॅट-तासांची होती. ताशी १८ किलोमीटरचा वारा सहा तास मिळाला की ती भागते.

हा वेग ओळखायचा कसा? त्याला यंत्र लागत नाही. उपणणीला जो वारा पुरतो त्या वाऱ्यात चक्की जेमतेम फिरायला लागेल. पाने आणि बारीक डहाळ्या सारख्या हलत राहिल्या, काठीला बांधलेला फडका आडवा उडू लागला, तर वेग ताशी १२ ते १९. वावरातली धूळ आणि कागद उडू लागले, लहान फांद्या हलल्या, तर २० ते २८. लहान झाडे आख्खी डोलू लागली की २९ ते ३८. तेव्हा वर्षभर एका वहीत सकाळ, दुपार, संध्याकाळ एवढेच लिहून ठेवा. ज्या शिवारात धूळ उडवणारा वारा मिळत नाही त्या शिवारात चक्की उभारू नका. वही स्वस्त पडते, चक्की महाग पडते.

आपल्या खान्देशात आखाजीपासून पोळ्यापर्यंत वाऱ्याचा जोर असतो. जून महिन्यात केळीवाल्यांच्या बागा आडव्या होतात तो हाच काळ. कपाशीच्या फवारण्या सुरू होतात तोही याच काळात. दसऱ्यानंतर मात्र वारा पडतो, रब्बी ज्वारीच्या जागलीच्या वेळी तो पुरेसा नसतो. हे आधीच माहीत असलेले बरे.

मोटर का चालत नाही?

पाच अश्वशक्तीची मोटर चालताना साडेचार किलोवॅटच्या आसपास वीज ओढते. ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात एवढी वीज काढायची तर आपल्या घरगुती कारागिरीच्या चक्कीचा व्यास साडेसतरा-अठरा मीटर हवा. म्हणजे जवळजवळ साठ फूट! तेवढी पाती गावच्या सुताराकडे होत नाहीत आणि तेवढा खांब दहा माणसांना उभा करता येत नाही. म्हणून कोणी तुमच्या दारात येऊन छपरावरची चक्की दाखवील आणि हिच्यावर पाच अश्वशक्तीची मोटर चालते म्हणेल, तर त्याला व्यास विचारा. व्यास ऐकला की उत्तर मिळाले.

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर शेकडो मेगावॅटच्या पवनचक्क्या उभ्या आहेत. त्यांचे पाते पाहिले की हा हिशेब डोळ्यांना पटतो. पण त्या चक्कीची वीज खाली गावात उतरत नाही. ती मोठ्या वाहिनीत जाते आणि मग सगळ्यांबरोबर रांगेत उभी राहून गावाला मिळाली तर मिळते. वारा आपल्या माथ्यावरचा, वीज मात्र जाऊन परत येणारी. त्या चक्क्यांना आमचा विरोध आहे म्हणून हे सांगत नाही. मोठे यंत्र मोठ्या जाळ्यासाठी असते आणि लहान यंत्र आपल्या झोपडीसाठी असते. एकाकडून दुसऱ्याची अपेक्षा केली की निराशा ठरलेली.

चुंबक कोठून आणायचे?

वीज तयार होण्याचे तत्त्व १८३१ साली मायकेल फॅरडेने शोधले. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यासमोरून चुंबक फिरवला की तारेत वीज येते. विहिरीची मोटर जळाल्यावर वायंडिंगवाल्याकडे तुम्ही हेच तांबे, हीच वेटोळी पाहिलेली आहेत. फक्त तिथे वीज देऊन फिरणे घेतो, इथे फिरणे देऊन वीज घ्यायची.

भंगारात चुंबक पुष्कळ असतो, पण प्रत्येक चुंबक कामाचा नसतो. एकेक पाहू.

लाउडस्पीकरच्या मागे काळी कडी असते, ती फेराइटची. तिचे एक तोंड उत्तर ध्रुव आणि दुसरे दक्षिण. ती आपल्या कामाची आहे, मात्र एकाच मापाच्या चोवीस कड्या मिळाल्या पाहिजेत. फेराइट काचेसारखे तडकते. हातोडा मारू नका, गरम करून चिकटवण सैल करा आणि पातळ छिन्नीने हळूहळू सोडवा.

जुन्या संगणकाच्या डिस्कमध्ये लहान, वाकडा पण भलताच जोरकस चुंबक असतो. तो निओडिमियमचा. ही जात १९८० च्या दशकात निघाली. पण या तुकड्याच्या एकाच तोंडावर उत्तर आणि दक्षिण असे दोन्ही ध्रुव असतात, त्यामुळे तो सरळ चकतीवर चिकटवून भागत नाही. नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये.

मोटारगाडीचा अल्टरनेटर पाहून सगळ्यांना मोह होतो. त्यात कायमचा चुंबकच नसतो. त्याला आधी बॅटरीतून वीज पाजावी लागते आणि मिनिटाला हजारावर फेरे द्यावे लागतात. आपली चक्की देते दोनशे-अडीचशे. मोटरसायकलच्या मॅग्नेटोत चुंबक आहे, पण तोही इंजिनाच्या वेगासाठी गुंडाळलेला. दोन्ही बाजूला ठेवा.

सगळ्यात सोपी गोष्ट अलीकडे भंगारात येऊ लागली आहे. बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरच्या चाकातली मोटर, जिला हब मोटर म्हणतात. तिच्यात निओडिमियमचे चुंबक, वेटोळी, बेअरिंग सगळे तयार बसवलेले असते आणि ती हळू फिरण्यासाठीच केलेली असते. तिच्या तीन जाड तारा बाहेर येतात. चाक हाताने फिरवून त्या तारांवर मीटर लावा. व्होल्ट दिसले आणि चाक अडखळत नसेल तर तुमचे निम्मे काम झाले. ज्याला ही मोटर मिळाली त्याने वेटोळ्यांच्या भानगडीत पडू नये.

वेटोळी आणि चकत्या

ज्याला स्वतः जनित्र करायचे आहे त्याच्यासाठी रीत अशी. आठ ते दहा मिलिमीटर जाड लोखंडी पत्र्याच्या दोन गोल चकत्या कापून घ्या. साठ मिलिमीटरचे चुंबक असतील तर चकती चौदा इंचांची. प्रत्येक चकतीवर काठाने बारा चुंबक सारख्या अंतरावर बसवा, एक उत्तर तोंड वर, शेजारचा दक्षिण तोंड वर, असे आळीपाळीने. दोन चकत्या समोरासमोर आल्यावर उत्तरेसमोर दक्षिण आली पाहिजे. या दोन चकत्यांच्या मधे वेटोळ्यांची पातळ भाकर स्थिर राहते आणि चकत्या तिच्या दोन्ही बाजूंनी फिरतात.

बारा चुंबकांना नऊ वेटोळी, हे प्रमाण लक्षात ठेवा, चारास तीन. वेटोळ्याला नंबर द्या. १, ४, ७ एका ओळीत जोडा, २, ५, ८ दुसऱ्या ओळीत, ३, ६, ९ तिसऱ्या. तीन शेवटे एकत्र बांधा, तीन सुरुवाती बाहेर काढा. वायंडिंगवाला याला स्टार म्हणतो, त्याला समजावून सांगावे लागणार नाही. तार सतरा किंवा अठरा गेजची. वेटोळी साच्यात मांडून फायबरच्या कामाचे रेझिन ओता, मधे काचकापड घाला, म्हणजे पाणी आणि कंप दोन्हींपासून ती वाचतील. चकत्यांना आधार जुन्या मोटारगाडीच्या मागच्या चाकाच्या हबचा, बेअरिंगसहित.

वेढे किती घ्यायचे? पुस्तकातला आकडा डोळे झाकून घेऊ नका, कारण तुमचा चुंबक पुस्तकातला नाही. आधी पन्नास वेढ्यांचे एकच वेटोळे करा. ते मधे धरून चकती सेकंदाला एक फेरा अशी हाताने फिरवा आणि मीटर पाहा. समजा अर्धा व्होल्ट आला. दोन मीटरची तीन पात्यांची चक्की ताशी १८ किलोमीटरच्या वाऱ्यात सेकंदाला सुमारे चार फेरे घेते, म्हणजे तेव्हा दोन व्होल्ट येतील. तीन वेटोळी ओळीत, सहा व्होल्ट. स्टारमुळे त्याची १.७३ पट, म्हणजे साधारण साडेदहा. डायोडच्या ब्रिजमधून सरळ प्रवाह काढल्यावर १.३५ पट, म्हणजे चौदा, त्यातून डायोडचा दीड वजा. हाती आले साडेबारा. बारा व्होल्टच्या बॅटरीत वीज शिरायला जेमतेम सुरुवात होईल. मग वेढे थोडे वाढवायचे की चालेल, ते तुम्हीच ठरवा. मीटर खोटे बोलत नाही.

एक सावधगिरी. निओडिमियमचे दोन मोठे चुंबक एकमेकांकडे सुटले तर मधले बोट चिरडते. चकत्या एकमेकींजवळ आणताना लांब बोल्ट लावून आट्याआट्याने आणा. लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. छातीत पेसमेकर बसवलेल्या माणसाने या कामापासून लांबच राहावे.

पाती, शेपूट आणि खांब

जुन्या पाणी ओढणाऱ्या चक्क्यांना बारा-बारा पाती असत. त्या हळू पण जोराने फिरत. विजेला वेग हवा, म्हणून पाती तीनच. चार फुटांपर्यंतच्या लहान चक्कीला सहा-आठ इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून पाती करता येतात, आणि जळगावात पाइपाचे तुकडे मिळायला अडचण नाही. पण आपल्या उन्हात पीव्हीसी मऊ पडते आणि वर्षा-दोन वर्षांत कडकडीत होऊन तडकते. त्यापेक्षा मोठी चक्की असेल तर सरळ धारेचे, गाठ नसलेले लाकूड घ्या आणि सुताराकडून तासून घ्या. तीन पात्यांचे वजन आणि तोल अगदी सारखा हवा. बिनतोल पाते खांबालाच खाऊन टाकते.

आता सगळ्यात महत्त्वाचे, वादळ. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर ताकद आठपट, हे आठवा. मृगाच्या तोंडावर वावधान सुटते तेव्हा चक्कीने वाऱ्यासमोर छाती काढून उभे राहायचे नसते. म्हणून जनित्र खांबाच्या मध्यावर न बसवता थोडे एका बाजूला बसवतात आणि शेपटीची बिजागरी तिरकी ठेवतात. वारा प्रमाणाबाहेर गेला की चक्की आपोआप अंग चोरते, शेपूट वर उचलली जाते, वारा ओसरला की आपल्या वजनाने खाली येऊन चक्की पुन्हा समोर येते. ही बिजागरी नसलेली चक्की उभारू नका. त्याशिवाय खाली एक खटका असा ठेवा की तीनही तारा एकमेकींना जोडल्या जातील. तसे केले की जनित्र स्वतःलाच ब्रेक लावते. हा खटका वारा वाढण्याच्या आधी टाकायचा, वादळ आल्यावर नाही.

खांब उंच हवा. तीनशे फुटांच्या आत जे सर्वात उंच झाड किंवा घर असेल त्याच्याही वर तीस फूट चक्की असावी, असा नियम सांगतात. निंबाच्या आडोशाला लावलेली चक्की म्हणजे निव्वळ शोभा. खांबाला चार बाजूंनी ताण द्या आणि तो बुडाशी बिजागरीवर ठेवा, म्हणजे दुरुस्तीला आडवा करता येईल. वर चढण्याची वेळ येता कामा नये. खांबाला अर्थिंग द्या. आणि जागा अशी निवडा की खांब कोणत्याही बाजूला पडला तरी तो विजेच्या लाइनवर पडणार नाही.

बॅटरी आणि तार

बारा व्होल्टची वीज लांब जात नाही. पन्नास वॅट म्हणजे चार अँपिअर. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने ती शंभर फूट नेली तर जाऊन-येऊन दीड व्होल्टच्या वर वाटेतच संपते. आठव्या हिश्श्याहून जास्त वीज तार तापवण्यात गेली. तार जाड घ्या, किंवा दोन बॅटऱ्या ओळीत जोडून चोवीस व्होल्ट करा, मग तोटा चौथाईवर येतो.

आणखी एक गोष्ट, जी सोलरवाल्यांना माहीत नसते. सोलरची पाटी बॅटरी भरल्यावर तोडून टाकली तरी तिला काही होत नाही. चक्कीला तोडली तर तिच्यावरचा भार निघून जातो आणि ती सैरावैरा फिरू लागते. गाडी उतारावर असताना बैल सोडून दिल्यासारखेच ते. म्हणून बॅटरी भरली की वीज दुसरीकडे, एखाद्या तापणाऱ्या तारेच्या गुंडाळ्यात वळवायची असते. सोलरचा चार्ज कंट्रोलर चक्कीला लावू नका. आणि बॅटरीजवळ फ्यूज टाकल्याशिवाय काहीही जोडू नका.

मग सोलर का नको?

हा प्रश्न तुमच्या मनात आहे हे आम्हाला ठाऊक आहे, आणि तो योग्य आहे. आज नुसते दिवे आणि मोबाइल हवे असतील तर शंभर वॅटची सोलरची पाटी घ्या. कडक उन्हाच्या दिवशी ती चारशे वॅट-तासांच्या आसपास देते, तिच्यात फिरणारे काही नाही, वंगण नाही, वादळाची भीती कमी. आम्ही चक्कीचे दुकान मांडलेले नाही, तेव्हा खरे ते सांगायला आमचे काय जाते?

पण पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा पाटी बसून राहते, आणि नेमका तेव्हाच वारा असतो. नेमकी तेव्हाच फवारणीही असते. हिवाळ्यात वारा नसतो, ऊन असते. दोघे एकमेकांची पाळी सांभाळतात. एक लहान पाटी आणि एक लहान चक्की, एकाच बॅटरीवर, हा आपल्या हवामानाला जुळणारा संसार आहे.

आणि दुसरे कारण याहून मोठे आहे. सोलरची पाटी बिघडली तर तुम्ही फेकता, नवी आणता. चक्की ज्याने केली तो ती दुरुस्तही करतो. त्याला चुंबक कळतो, वेटोळे कळते, डायोड कळतो, बॅटरी कळते. तोच पोरगा उद्या फवारणी पंप दुरुस्त करील, झटका मशीन दुरुस्त करील, बॅटरीच्या स्कूटरची मोटर उघडील. गावातला पैसा गावात राहील आणि ऐन हंगामातला दिवस वाचेल.

हे करणारे कोण होते?

हे काम कोणा मोठ्या शास्त्रज्ञांनीच केले असे समजू नका. डेन्मार्कमध्ये पॉल ला कूर नावाच्या शिक्षकाने १८९१ साली आस्कोव्ह गावच्या शाळेत वाऱ्यावर वीज काढली आणि पुढे खेड्यातल्या पोरांना वीजतंत्री म्हणून तयार केले. त्याच देशात १९७० च्या दशकात क्रिस्तियन रीसागर नावाच्या सुताराने आपल्या कारखान्यात चक्की केली. पवनचक्क्यांचा मोठा धंदा त्या देशात अशा सुतार-लोहारांच्या हातून उभा राहिला. अमेरिकेत मोंटानाच्या माळावर जेकब्स बंधू १९२० च्या दशकात स्वतःच्या शेतासाठी चक्की करू लागले आणि मग इतर शेतकऱ्यांना विकू लागले. स्कॉटलंडमध्ये स्कोरेग या वीज न पोहोचलेल्या वस्तीत ह्यू पिगट राहिला, भंगारातून चक्क्या करत गेला आणि रीत लिहून सगळ्यांना खुली केली. आम्ही वर सांगितलेली दोन चकत्यांची रीत त्यानेच जगभर पोहोचवली. तमिळनाडूत ऑरोव्हिलला मिनवायू गटाने तशा चक्क्या करण्याचे वर्ग घेतले.

आणि आफ्रिकेतल्या मलावी देशातला विल्यम कामक्वाम्बा. आपल्यासारख्याच पावसावर जगणाऱ्या मका शेतकऱ्याचा पोर. २००१-०२ च्या दुष्काळात फी भरता आली नाही म्हणून शाळा सुटली. गावच्या वाचनालयात चित्रांवरून पुस्तक समजून घेत, ट्रॅक्टरचा पंखा, सायकल, पीव्हीसी पाइप आणि सायकलचा डायनॅमो एवढ्यावर त्याने चक्की केली. चौदा वर्षांचा होता. गावकऱ्यांनी वेडा म्हटले, मग दिवा लागला.

आपल्या महाराष्ट्रातही वाट दाखवणारी जागा आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेल्या पोरांनी हाताने काम करत शिकावे, वेल्डिंग, सुतारकी, वीज सगळे, हा त्यामागचा विचार. शिकायला जाणाऱ्या पोराला गावाने एकदा तरी तिथे पाठवावे.

आता करायचे काय?

भाषण ऐकून टाळ्या वाजवून उठायचे असेल तर हा अर्धा तास वाया गेला म्हणू. आमचे म्हणणे एवढेच. प्रत्येकाने चक्की करू नये. तालुक्यात एक करावी, पण ती नीट करावी. एक वायंडिंगवाला, एक सुतार, एक वेल्डिंगवाला आणि चार शिकणारी पोरे अशी टोळी जमवा. पहिले वर्ष नुसती वाऱ्याची वही भरा, तीन वेळा, न चुकता. त्याच वर्षी भंगारवाल्याला सांगून एका मापाचे चुंबक किंवा चालू हब मोटर बाजूला ठेवून घ्या. दुसऱ्या वर्षी आखाजीच्या आधी चक्की उभी करा, आणि रोज किती वीज आली ते त्याच वहीत लिहा. आकडा कमी आला तरी कमीच लिहा. जिल्ह्याच्या बैठकीत त्या वह्या समोर ठेवू. मग ज्या शिवारात आकडा जमला तिथे दुसरी, तिसरी करू, आणि जिथे जमला नाही तिथे पाटीवर भागवू.

आपल्या कापसाचा भाव ठरवताना आपला हिशेब कोणी विचारत नाही, ही आपली जुनी तक्रार आहे. वाऱ्याचा हिशेब तरी आपण स्वतः ठेवू. ज्याच्या हातात वही आहे त्याला कोणी सहज फसवत नाही, मग समोर व्यापारी असो, सरकार असो की चक्की विकणारा असो.

आता कापसाच्या विषयाकडे वळू.